पाणसळ

शिरोड्याच्या पंचायतीचा हॉल.
मंगळवार, शुक्रवार, सकाळी साडेसात.
दारात चपला काढताना
मी आधी उंबऱ्याचा सांधा पाहिला.
जुनी खोड.

ही फरशी माझी.
म्हणजे नावावर नाही, हाताची.
सव्वीस वर्षांपूर्वी, चवथीच्या आधी पुरी करायची म्हणून
रात्री बल्ब टांगून,
गुडघ्याखाली गोणपाटाची घडी घेऊन
मी मागे मागे सरकत गेलो
त्या खिडकीपासून या दारापर्यंत.
लादीवाला नेहमी मागेच जातो.
पुढे जाते ती लादी.

गुडघ्याला आई दिंबी म्हणायची.
डॉक्टर म्हणाला, आतली गादी झिजली.
मी म्हटलं, गादी कधी होती?
गोणपाट होतं.

मिलाग्रीनबाई बांबोळीला नर्स होत्या,
आता आम्हाला जमिनीवर झोपायला शिकवतात.
'दुखलं की थांबायचं.
बहाद्दुरी घरी ठेवून यायची.'
मग खुर्ची धरून एक पाय मागे,
एक हात खाली, मग कूस, मग पाठ.
आम्ही आठ जण उतरलो
जेटीवरून होडीत उतरावं तसे,
जपून,
एकमेकांकडे न बघता.

खाजेवाली शेवंती जन्मभर जत्रेत मांडी घालून बसली,
आता मांडी वळत नाही.
कदंबाचा कंडक्टर उल्हास उभ्या उभ्या झिजला.
मी रांगून.

टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली.
'दाबा. पाच मोजा. सोडा.'
एवढंच?
एवढंच.
तरी मांडी थरथरते,
ओल्या मालावर पहिल्यांदा पाय पडलेल्या पोऱ्यासारखी.

मग कंबर उचलायची. याला म्हणे पूल म्हणतात.
उल्हास पडल्या पडल्या विचारतो, बोरीचा की झुआरीचा?
'तुमचा,' बाई म्हणतात, 'आणि अवजड वाहनांना बंदी.'
शेवंतीला हसू फुटलं,
तिचा पूल कोसळला.

मी वर पाहिलं.
या हॉलला छत आहे.
पंख्याच्या पात्यांवर धुळीची साय,
कोपऱ्यात पाकोळीचं मातीचं घर.
दीड महिना राबलो इथे,
एकदाही मान वर केली नव्हती.

शेवटी नुसतं पडून राहायचं.
डाव्या हाताशी, चादरीच्या बाहेर,
चौथ्या ओळीतली सातवी लादी.
बोटाच्या पेराने हळूच ठोकली.
पोकळ.

तेव्हाही माहीत होतं.
माल कमी पडला होता, उजाडत आलं होतं.
मी थापी उलटी धरून दोनदा ठोकली
आणि पुढची लादी उचलली.
सव्वीस वर्षं कुणी काही बोललं नाही.
बारशी झाली, मतदानं झाली,
नाटकाच्या तालमीत पोरं नाचली तिच्यावर,
आणि ती आतून रिकामी
तशीच
सूत धरून राहिली.

बाई जवळ आल्या. 'काय दुखतंय?'
'नाही,' म्हटलं. 'ओळखीचं भेटलं कुणीतरी.'

डोळे मिटले.
अंगातलं पाणी कुठेतरी
इकडून तिकडे सरकलं,
पाणसळीतला बुडबुडा सरकतो तसं.
दोन रेघांच्या मध्ये यायला तो वेळ घेतो.
बोट लावायचं नसतं.
हे मी किती पोऱ्यांना सांगितलंय,
ओरडून.

उठताना पुन्हा कूस, पुन्हा खुर्ची.
उजवा गुडघा कुरकुरला,
डावा गप्प राहिला, ही बातमीच.
बाई म्हणाल्या, शुक्रवारी जाड चादर आणा.
आणीन.
पसाभर सिमेंटही आणावं असं मनात आलं,
पण ते नंतर.
तिच्यासाठी आधी
गुडघ्यावर बसता यायला हवं.